वाट वैरीण कां होते?

एखाद्या रस्त्यावर वारंवार माणसें मरूं लागलीं म्हणजे आपल्या समाजांत त्याचीं दोन कारणें सांगितलीं जातात. जुन्या समजुतीचे लोक म्हणतात कीं ती जागाच वाईट. तेथें कोणा अतृप्त जिवाचा वास आहे, नारळ फोडल्याखेरीज पुढें जाऊं नये. नव्या समजुतीचे लोक यास हंसतात आणि म्हणतात कीं जागेचा कांहींएक दोष नाहीं, दोष सर्वस्वीं ड्रायव्हरचा. तो बेफाम हांकतो, दारू पितो, डुलकी घेतो. मग दुसरें काय होणार? वरवर पाहतां हीं दोन मतें एकमेकांच्या अगदीं विरुद्ध दिसतात. परंतु किंचित् विचार केला तर दोहोंचा परिणाम एकच होतो असें आढळून येईल. दोन्ही मतें रस्ता आंखणाराला आणि बांधणाराला मोकळा सोडतात. भुताला कोर्टांत उभें करतां येत नाहीं, आणि मेलेल्या ड्रायव्हरलाही येत नाहीं.

आम्हांस असें वाटतें कीं पहिल्या पक्षाच्या म्हणण्यांतून भूत तेवढें वगळलें तर त्यांत दुसऱ्यापेक्षां अधिक तथ्य उरतें. जागा वाईट असते, ही गोष्ट खरी आहे. 2022 सालच्या सरकारी अहवालाप्रमाणें त्या एका वर्षांत आपल्या देशांत 4,61,312 अपघात होऊन 1,68,491 माणसें दगावलीं. राष्ट्रीय महामार्गांची लांबी देशांतील एकंदर रस्त्यांच्या सुमारें 2 टक्के. पण मृतांपैकीं सुमारें 36 टक्के माणसें त्या महामार्गांवर मेलीं. महामार्गावर रहदारी अधिक, म्हणून मृत्यूही अधिक, असें कोणी म्हणेल. आणि तें अंशतः बरोबर आहे. परंतु एकाच महामार्गावर एखाद्या फर्लांग-दोन फर्लांगांच्या टापूंत वर्षानुवर्षें माणसें मरतात आणि त्याच्या अलीकडे-पलीकडे मैलगणती कांहीं होत नाहीं, याचा उलगडा रहदारीनें होत नाहीं. रहदारी तर तीच, गाड्या त्याच, ड्रायव्हरही तेच. बदलते ती फक्त वाट. तेव्हां वाट वैरीण कशानें होते हा प्रश्न विचारण्यासारखा आहे, आणि त्याचें उत्तर शोधण्यास आमच्या महाराष्ट्राला दूर जाण्याचें कारण नाहीं. कोंकण आणि देश यांच्यामध्यें सह्याद्रीची जी भिंत आहे, तिच्यावरून खंडाळ्याजवळ उतरणारा बोरघाट हा या विषयाचा जणूं एक ग्रंथच आहे. दोन हजार वर्षांत या एकाच चढावर माणसानें पांच निरनिराळ्या तऱ्हांच्या वाटा केल्या, आणि प्रत्येक वाटेनें आपापल्या तऱ्हेनें बळी घेतले.

पहिली वाट पायांची. कल्याण, चौल या बंदरांतून निघालेला माल घाट चढून देशावर येई, आणि ज्या व्यापाऱ्यांचा तो माल असे, त्यांच्या दानाचीं नांवें कार्ल्याच्या चैत्यांत आजही खांबांवर वाचतां येतात. कार्लें, भाजें, बेडसें हीं लेणीं आणि लोहगड, विसापूर, राजमाची हे किल्ले घाटमाथ्याच्या आसपास उगीच गोळा झालेले नाहींत. जेथें वाट, तेथें विसावा. आणि जेथें वाट, तेथें पहारा. त्या काळीं घाट भयंकर होता, पण तें भय माणसाचें व श्वापदाचें होतें. 1661 सालीं कारतलबखानाचें सैन्य कुरवंड्याच्या घाटानें कोंकणांत उतरत असतां शिवछत्रपतींनीं तें उंबरखिंडींत कोंडून शरण आणलें. तेथें खानाचा शत्रु मावळ्यांइतकीच ती अरुंद वाटही होती. पुढें 1778 च्या अखेरीस मुंबईकर इंग्रजांची फौज तोफा आणि हजारों बैल घेऊन बोरघाट चढली, ती इतक्या मंद गतीनें कीं मराठ्यांस तयारीला हवा तेवढा अवकाश मिळाला आणि 1779 च्या जानेवारींत वडगांव येथें इंग्रजांना तह करावा लागला. या सर्व काळांत वाटसरू मेला तर तो लुटारूच्या हातून, वाघाच्या तोंडीं किंवा कड्यावरून पाय घसरून. तासाला दीड-दोन कोस चालणाऱ्या माणसाला चालण्याच्या वेगानें सहसा मरण येत नाहीं. चूक झाली तर ठेंच लागे. शिक्षा चुकीच्या मापाची असे.

दुसरी वाट चाकांची. 1804 च्या सुमारास जनरल वेलस्लीनें लष्करी सोयीसाठीं घाटाची वाट सुधारली. परंतु 1825 सालीं बिशप हेबर येथून गेला तेव्हां रस्ता रुंद असूनही चढ इतका उभा होता कीं लोक पायीं किंवा घोड्यावर बसून घाट चढत आणि माल बैलांच्या व तट्टांच्या पाठीवरून जाई. 1830 च्या नोव्हेंबरांत सर जॉन माल्कमच्या कारकीर्दींत गाडीरस्ता खुला झाला आणि चाक प्रथमच सुखानें घाट चढलें. त्याच काळच्या एका दगडी पुलाला पुढें एका वेदनाशामक मलमाच्या जाहिरातीवरून लोक ‘अमृतांजन पूल’ म्हणूं लागले. बैलगाडीच्या मापानें बांधलेला हा पूल पुढें सहापदरी मार्गाच्या डोक्यावर येऊन बसला, आणि त्याच्या खांबांमुळें मार्ग तेवढ्यापुरता आवळला जाऊं लागला. अखेर 2020 च्या एप्रिलांत तो पाडण्यांत आला. एका युगाची वाट दुसऱ्या युगाच्या वाटेंत कशी अडसर होऊन राहते, याचें हें चांगलें उदाहरण आहे. जुन्या पुलाचा यांत दोष नव्हता. तो ज्या वेगासाठीं बांधला, त्या वेगाला तो पुरेसा होता.

तिसरी वाट लोखंडाची, आणि आमच्या विषयाच्या दृष्टीनें हीच सर्वांत बोधप्रद. 1856 पासून 1863 पर्यंत बोरघाटांत रेल्वेचें काम चाललें. पंचवीस बोगदे, कित्येक पूल, आणि कांहीं ठिकाणीं 37 फुटांस 1 फूट असा चढ. ऐन भरांत चाळीस हजारांवर मजूर या कामावर होते, आणि पटकीनें, तापानें, सुरुंगानें व कड्यावरून पडून त्यांतले किती गेले याची नीट मोजदादही झाली नाहीं. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल 1859 सालीं येथें आल्यावर थोड्याच दिवसांत वारला आणि त्याची विधवा ॲलिस हिनें तें काम पुढें तडीस नेलें, हें इतिहासांत नमूद आहे. मजुरांच्या विधवांचीं नांवें नमूद नाहींत. जुन्या रस्त्यावर शिंग्रोबाचें एक देऊळ आहे. शिंग्रोबा नांवाच्या धनगरानें साहेबाला घाटांतली वाट दाखविली, बक्षीस म्हणून देशाचें स्वातंत्र्य मागितलें, आणि साहेबानें त्याला गोळी घातली, अशी आख्यायिका आहे. ती अक्षरशः खरी असो वा नसो, ही वाट कोणाच्या जिवावर उभी राहिली याची लोकांनीं ठेवलेली ती आठवण आहे. मोटारवाले अजून तेथें नाणें टाकतात.

पण रेल्वे बांधणाऱ्या इंजिनिअरांनीं एक गोष्ट अशी केली कीं ती पुढच्या दोन वाटांच्या वेळीं आम्ही विसरलों. त्यांनीं असें धरून चाललें कीं ब्रेक निकामी होणार, आणि माणूस चुकणार. उतारावर ठिकठिकाणीं त्यांनीं मुख्य रुळांपासून फुटून चढावर जाणारे आडफांटे ठेवले. सांधा सदैव त्या फांट्याकडे वळविलेला असे. गाडी ठरल्या जागीं थांबली, तिचा ताबा ड्रायव्हरच्या हातांत आहे अशी खात्री पटली, म्हणजेच तिला पुढची वाट मोकळी होई. न थांबली तर ती आपोआप त्या चढावर जाऊन थबके. यांत ड्रायव्हरवर अविश्वास नाहीं. मनुष्यस्वभावाविषयीं आणि लोखंडाविषयीं ज्ञान आहे. चूक होऊं नये म्हणून शिस्त, आणि झालीच तर ती प्राणघातक होऊं नये म्हणून वाटेचीच रचना, अशी ही दुहेरी व्यवस्था होती.

चौथी वाट मोटारीची. मोटार जगांत आली तीच मुळीं या व्यवस्थेवांचून. 17 ऑगस्ट 1896 रोजीं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसजवळ ब्रिजेट ड्रिस्कॉल नांवाची एक बाई मोटारीखालीं सांपडून मेली. पंचांनीं निर्णय दिला कीं हा अपघाती मृत्यु, आणि चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यानें अशी गोष्ट पुन्हां घडूं नये अशी इच्छा प्रगट केली. ती इच्छा फोल ठरली हें सांगणें नकोच. पण त्या निर्णयांतला ‘अपघात’ हा शब्द मात्र चिरंजीव झाला. रेल्वेंत माणसें मेलीं तर रुळ, सांधा, सिग्नल आणि नियम यांची चौकशी होते. रस्त्यावर मेलीं तर कोण चुकला एवढेंच विचारून वही मिटते. दोन्ही ठिकाणीं वेग तोच, लोखंड तेंच. न्याय मात्र निराळा.

आपल्याकडे रस्त्यांचा विचार झाला नाहीं असें नाहीं. 1927 सालीं बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखालीं रस्तेसुधारणेसाठीं समिति नेमली गेली. तिच्या सूचनेवरून पेट्रोलवरील जादा करांतून 1929 सालीं रस्त्यांसाठीं मध्यवर्ती निधि उभा राहिला आणि 1934 सालीं इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली. 1943 सालीं नागपुरास प्रांतोप्रांतींचे मुख्य इंजिनिअर जमले आणि त्यांनीं वीस वर्षांची योजना आंखली. सुपीक मुलखांतील कोणतेंही गांव मोठ्या रस्त्यापासून पांच मैलांहून दूर राहूं नये, असा तिचा हेतु होता. या थोर कामाविषयीं आम्हांस आदरच आहे. परंतु त्या योजनांची दृष्टि मुख्यतः लांबीवर होती. रस्ता गांवापर्यंत पोंचावा ही त्या काळची भूक होती. गांवाच्या छातीवरून गेलेला रस्ता पुढें गांवाचें काय करील, हा प्रश्न मागाहून उपस्थित झाला. मुंबई-पुण्याचा जुना महामार्ग याचें ठळक उदाहरण होय. ज्या रस्त्यावर मालमोटार, एस. टी., बैलगाडी, सायकल, शाळेचीं मुलें आणि बाजाराला निघालेली म्हातारी हीं सर्व एकाच वेळीं असत, आणि पुढें जाण्यासाठीं समोरून येणाऱ्याच्याच वाटेंत घुसावें लागे, त्या रस्त्यावर माणसें मरत याचें नवल करण्यासारखें कांहीं नव्हतें.

म्हणून पांचवी वाट आली. सहा पदरांचा, कांक्रीटचा, सुमारें 94 किलोमीटर लांबीचा मुंबई-पुणें द्रुतगती मार्ग 2002 सालीं पूर्णपणें खुला झाला. दुचाकी, बैलगाडी, पादचारी यांना त्यावर बंदी. समोरून येणाऱ्या गाड्यांसाठीं निराळी बाजू. चौक नाहीं, गांव नाहीं. जुन्या रस्त्याचे बहुतेक दोष येथें नाहींसे झाले होते. असें असतां 2016 या एका वर्षांत या मार्गावर 151 माणसें मेलीं. मार्ग पुरा होण्यापूर्वींच, 12 फेब्रुवारी 2001 रोजीं, वाईहून मुंबईस परतत असतां भक्ति बर्वे यांना येथेंच मृत्यु आला, आणि मराठी रंगभूमि हळहळली. 2012 च्या डिसेंबरांत पलीकडच्या बाजूनें आलेला टेंपो दुभाजक ओलांडून मोटारीवर आदळला आणि आनंद अभ्यंकर व अक्षय पेंडसे हे दोन नट गेले. नामांकित मेले म्हणजे वर्तमानपत्रें चार दिवस लिहितात. उरलेल्यांचा शोक त्यांच्या घरच्यांपुरता राहतो. पण मृत्यूची रीत सर्वांची एकच होती, आणि ती पाहिली म्हणजे उत्तम दिसणारी वाटही वैरीण कशी होते तें कळून येतें. आमच्या समजुतीप्रमाणें यास मुख्यतः चार गोष्टी कारण होतात.

पहिली गोष्ट वेगाची. वेग दुप्पट झाला म्हणजे आघात दुप्पट होतो असें सामान्य माणसास वाटतें; वास्तविक तो चौपट होतो. ताशीं 50 किलोमीटर वेगानें भिंतीवर आदळणें म्हणजे सुमारें दहा मीटर, अर्थात् तिसऱ्या मजल्यावरून पडणें. आणि ताशीं 100 किलोमीटर वेगानें आदळणें म्हणजे सुमारें चाळीस मीटर, म्हणजे बारा-तेरा मजल्यांवरून पडणें. तिसऱ्या मजल्यावरून पडलेला जगेलच असें नाहीं. थांबण्याचेंही तसेंच. संकट दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद गेला असें धरलें, तर 50 च्या वेगांतील गाडी कोरड्या रस्त्यावर सुमारें 35 मीटरांत उभी राहते. 100 च्या वेगांतील गाडीला सुमारें 100 मीटर लागतात. आतां सपाट, रुंद, सरळ रस्ता माणसाच्या कानांत काय सांगतो? ‘आणखी थोडें दाब’. वेगमर्यादेचा फलक एक सांगतो आणि रस्त्याची रुंदी दुसरें सांगते. डोळा फलकापेक्षां रस्त्यावर अधिक विश्वास ठेवतो. जुना घाट दिसण्यांत भयंकर होता, म्हणून माणूस जपे. नवा रस्ता दिसण्यांत सोज्ज्वळ आहे, म्हणून तो जपत नाहीं.

दुसरी गोष्ट विषमतेची. एकाच मार्गावर एक मोटार ताशीं शंभरानें धांवते आणि तिच्यापुढें चढावर धापा टाकणारी मालमोटार ताशीं तिसानें चालते, तेव्हां दोन्ही एकाच दिशेला जात असूनही मोटारीच्या दृष्टीनें मालमोटार ही सत्तरच्या वेगानें अंगावर येणारी भिंत असते. कडेला बंद पडून उभी असलेली, मागें दिवा नसलेली गाडी तर याहून वाईट. घाटांत जुना आणि नवा असे दोन्ही मार्ग कांहीं अंतर एकत्र येतात, सर्व गाड्या एका गळ्यांतून जाऊं पाहतात, आणि विषमता शिगेला पोंचते. एकाएकीं अरुंद होणारा पूल हाही याच जातीचा धोका. 4 सप्टेंबर 2022 रोजीं उद्योगपति सायरस मिस्त्री यांची मोटार मुंबई-अहमदाबाद महामार्गावर सूर्या नदीच्या पुलाच्या कठड्यावर आदळली, तेथें तीन पदरांचा रस्ता पुलावर दोन पदरांचा होत होता. ते मागच्या आसनावर बसले होते व त्यांनीं पट्टा बांधलेला नव्हता. वाटेची चूक आणि माणसाची चूक अशा हातांत हात घालून येतात.

तिसरी गोष्ट उताराची. चाळीस टनांची भरलेली मालमोटार खंडाळ्याहून खोपोलीकडे पांचशें मीटर उतरते तेव्हां तिच्या ब्रेकांना जी उष्णता गिळावी लागते, ती सुमारें सहाशें लिटर पाणी उकळण्यास पुरेशी आहे. खालच्या गिअरमध्यें इंजिनाच्या जोरावर उतरलें तर हा भार बराच हलका होतो. परंतु डिझेल वांचविण्यासाठीं ड्रायव्हर गाडी न्यूट्रलवर टाकतो, सगळा भार ब्रेकांवर येतो, ब्रेक तापतात, आणि अखेरच्या वळणावर पाय रिकामाच खालीं जातो. पुण्याजवळ कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार पाहावा. तो घाटासारखा दिसत नाहीं. लांब, संथ व सरळ आहे, आणि म्हणूनच घातक आहे. 20 नोव्हेंबर 2022 रोजीं तेथें एका मालमोटारीनें चाळीसहून अधिक गाड्यांना ठोकरलें. ड्रायव्हरला अटक करणें रास्तच. पण त्याच उतारावर त्यापूर्वीं आणि त्यानंतरही तसेच अपघात झाले, याचा जाब त्या ड्रायव्हरकडे कसा मागतां येईल?

चौथी गोष्ट आम्ही वाटेचा निष्ठुरपणा म्हणूं. मनुष्य डुलकी घेतो, टायर फुटतो, कुत्रें आडवें येतें. हें होणारच. गाडी चार हात बाजूला गेली म्हणजे तेथें तिची कशाशीं गांठ पडते, यावर जन्ममरण ठरतें. मऊ माती, वांकणारा कठडा किंवा मोकळी जागा असली तर गाडीचा पत्रा चेपतो. झाडाचा बुंधा, कांक्रीटचा खांब, उघडा पडलेला कठड्याचा शेवट किंवा समोरून येणारी मालमोटार असली तर माणूस चेपतो. द्रुतगती मार्गाचा दुभाजक पहिल्यानें बऱ्याच लांबीपर्यंत नुसता मातीचा व झुडपांचा होता. तो डोळ्यांना सुखवी, गाडीला अडवीत नसे. आनंद अभ्यंकरांचा अपघात त्याच उणीवेचा. पुढें पोलादी तारांचे कठडे बसविले गेले तेव्हां ती वाट तेवढी दयाळू झाली. समृद्धि महामार्गावर 1 जुलै 2023 रोजीं सिंदखेडराजाजवळ रात्रीच्या वेळीं एक बस उलटून पेटली आणि 25 माणसें जळून मेलीं. एकसुरी, निर्मनुष्य, सरळ रस्त्यावर रात्रीं मन बधिर होतें ही नवी गोष्ट नव्हे. ज्या रस्त्यावर झोंप येणें स्वाभाविक, तेथें विसाव्याच्या जागा वेळींच नसणें हाही निष्ठुरपणाच होय.

येथें प्रतिपक्षाचें म्हणणें ऐकून घेतलें पाहिजे. ते म्हणतील कीं सरकारी अहवालांतच सुमारें सत्तर टक्के मृत्यूंचें कारण अतिवेग असें दिलें आहे; मग रस्त्यावर ठपका कशाला? आमचें उत्तर असें कीं पोलीस जो तक्ता भरतात त्यांत ड्रायव्हरचा दोष शोधण्यास सोपा आणि रस्त्याचा दोष शोधण्यास कठीण असतो. त्यामुळें जें सोपें तेंच सांपडतें. शिवाय अतिवेग हें कारण मानलें तरी ‘तो अतिवेग त्या रस्त्यावरच कां?’ हा प्रश्न उरतोच. 1949 सालीं स्मीड नांवाच्या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञानें दाखवून दिलें कीं देशांतील माणसांची व वाहनांची संख्या ठाऊक असली म्हणजे रस्त्यावर वर्षांत किती मरतील याचा ठोकळ अंदाज करतां येतो. ज्याचा अंदाज आधीं करतां येतो त्याला दैवगति म्हणण्यांत स्वतःचीच फसवणूक आहे. आणि त्या अंदाजालाही खोटें पाडतां येतें, हें पुढच्या पन्नास वर्षांनीं सिद्ध केलें. 1966 सालीं अमेरिकेंत रस्तेसुरक्षेचें सरकारी खातें निघालें त्याचा पहिला प्रमुख विल्यम हॅडन हा पेशानें वैद्य होता. त्यानें अपघाताकडे पापाच्या दृष्टीनें न पाहतां साथीच्या रोगाच्या दृष्टीनें पाहिलें. पटकी आली म्हणजे आपण रोग्याला शिव्या देत बसत नाहीं, विहीर तपासतों.

1997 सालीं स्वीडनच्या पार्लमेंटनें ठराव केला कीं रस्त्यावर कोणाचाही प्राण जाणें नीतीच्या दृष्टीनें मान्य करतां येणार नाहीं, आणि माणूस चुकणार हें गृहीत धरूनच रस्ते बांधले पाहिजेत. पुढच्याच वर्षीं त्यांनीं आपल्या एका रुंद पण कुप्रसिद्ध महामार्गावर तीन पदर आंखले; मध्यें पोलादी तारेचा कठडा ताणला आणि मधला पदर आळीपाळीनें एकेका बाजूस पुढें जाण्यासाठीं दिला. ड्रायव्हर तेच, गाड्या त्याच. परंतु असे मार्ग वाढत गेले तेव्हां त्यांवरचे मृत्यु पूर्वीच्या मानानें अत्यल्प झाले. 1997 सालीं त्या देशांत रस्त्यांवर 541 माणसें मेलीं होतीं. 2022 सालीं 227. तो देश लहान व श्रीमंत आहे, हें खरें. पण तारेचा कठडा ही कांहीं कुबेराची मिरास नव्हे.

आपल्याकडेही याचा प्रत्यय आलेला आहे. 2016 पासून मुंबई-पुणें द्रुतगती मार्गावर महामार्ग पोलीस, रस्ते विकास महामंडळ आणि सेव्हलाइफ फाउंडेशन ही संस्था यांनीं मिळून एकेक अपघात तपासण्याचें काम हातीं घेतलें. खांबांच्या उघड्या बाजू झांकणें, कठड्यांचीं टोकें सुधारणें, उभ्या मालमोटारी हलविणें, वेगावर नजर ठेवणें, जखमीला वेळेंत मदत पोंचविणें अशीं हीं सारीं बारीकसारीक कामें. पुढील कांहीं वर्षांत मृतांचा आंकडा शंभराच्या खालीं आला. हा विजय पुरता नव्हे, पण त्यानें एक वाद निकालांत काढला. ड्रायव्हर रातोरात सज्जन झाले नव्हते. वाट थोडी शहाणी झाली होती, आणि पहारा थोडा जागा झाला होता. घाटांतील कोंडी टाळण्यासाठीं सुमारें 13 किलोमीटरचा नवा मार्ग आंखण्यांत आला, त्यांत एक बोगदा जवळजवळ 9 किलोमीटरांचा. त्याला या घाटाची सहावी वाट म्हणतां येईल. तिच्यासाठीं रुंदीबरोबर रेल्वेच्या त्या जुन्या आडफांट्यांची बुद्धीही घेतली गेली पाहिजे. नाहींतर आम्ही अपघाताची फक्त जागा बदलूं.

कायदाही आतां अगदींच मुका राहिलेला नाहीं. 1988 च्या मोटार वाहन कायद्यांत 2019 सालीं दुरुस्ती होऊन 198 अ हें कलम आलें. रस्त्याच्या आंखणींत, बांधणींत वा देखभालींत ठरलेल्या मानाप्रमाणें काम न केल्यामुळें माणूस मेला किंवा पंगु झाला तर ठेकेदार, सल्लागार किंवा संबंधित अधिकारी संस्था यांना दंड करतां येतो. मात्र त्याची मर्यादा एक लाख रुपये. घरांतला मिळवता मनुष्य गेला त्या घरच्यांना ही रक्कम काय वाटत असेल तें वाचकांनींच ठरवावें. तथापि तत्त्व म्हणून ही गोष्ट मोठी आहे. 1896 सालच्या त्या पंचांनीं जो प्रश्न विचारला नाहीं, तो विचारण्याची वाट येथें प्रथम मोकळी झाली.

आमचें म्हणणें ड्रायव्हरला निर्दोष ठरवा असें नाहीं. दारू पिऊन हांकणाराला, पट्टा न बांधणाराला, उतारावर न्यूट्रल टाकणाराला शासन झालेंच पाहिजे, आणि आपल्या घरांतल्या तरुण मुलांना हें सांगण्याचें काम सरकारचें नसून आपलें आहे. पण शिक्षेला कांहीं प्रमाण असावें. क्षणभराच्या डुलकीला देहदंड, आणि तोही मागच्या आसनावर झोंपलेल्या लेंकरासकट, असा कायदा कोणत्याही सुधारलेल्या राज्यांत नाहीं; आमच्या कांहीं रस्त्यांवर मात्र तो रात्रंदिवस अमलांत आहे. तो कायदा कोणा देवानें केलेला नाहीं. तो नकाशावर रेघ मारणाऱ्या, निविदा मंजूर करणाऱ्या आणि कठडा बसविण्याचें काम पुढच्या वर्षावर ढकलणाऱ्या माणसांनीं केलेला आहे. म्हणून माणसांना तो बदलतांही येईल. एखाद्या वळणावर तिसऱ्यांदा माणूस मेला म्हणजे नारळ फोडून किंवा ड्रायव्हरला नांवें ठेवून आपण घरीं न जातां, ‘या वळणाची तपासणी कोणी केली, केव्हां केली, आणि तींत काय आढळलें’ असें तीन ओळींचें पत्र त्या खात्याला लिहावें. शंभर घरांतून अशीं पत्रें गेलीं तर तीं फाइलींत पडून राहणें अवघड होईल.